सहाशे सतरा अंकी कुलूप

अर्जात एक रकाना होता: 'कुलूप लावणाऱ्याशी अर्जदाराचे नाते'. तेवढा सोडून बाकीचा अर्ज मी सुवाच्य अक्षरात भरला आणि खिडकीतून आत सरकवला.

"मॅडम, हे राहिलं बघा," खिडकीमागची मुलगी म्हणाली. तिच्या छातीवर नावाची पट्टी होती, ऋजुता मगदूम.

"राहू दे."

"राहून चालत नाही. नातं नसलं की अर्ज परत येतोय. पती, वडील, भाऊ, भागीदार, यातलं कोण?"

"यातलं कुणीच नाही."

तिनं मान वर करून पाहिलं. साठीला टेकलेली बाई, केस पांढरे, हातात कापडी पिशवी. तिच्या मनात काय आलं ते मला दिसलं, पण पोर शहाणी होती. "मग 'इतर' टाकू?" एवढंच म्हणाली.

"टाक," मी म्हटलं. अशा रीतीनं हृषीकेश वाळिंबे सरकारी शिक्क्यानिशी माझा 'इतर' झाला.

कराडचं हे केंद्र एका बंद पडलेल्या साखर कारखान्याच्या गोदामात आहे. पाटीवरचं नाव 'संख्या अवयव पृथक्करण केंद्र'. इतकं लांब नाव आमच्याकडे कोण घेणार? तिथे संख्या फोडतात, म्हणून लोक त्याला फोडणी केंद्र म्हणतात.

थोडं गणित सांगते. घाबरू नका. मी मिरजेच्या शाळेत तेहतीस वर्षं गणित शिकवलं आणि माझ्या तासाला एकच मुलगा रडला, तोही दात दुखत होता म्हणून. ६७ आणि ७३ घ्या. दोन्ही मूळ संख्या, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून दुसऱ्या कशानंच भाग न जाणाऱ्या. त्यांचा गुणाकार पाचवीतलं पोरही करील: ४८९१. पण नुसतं ४८९१ हातात देऊन 'हा कुठल्या दोघांचा गुणाकार?' असं विचारलं, की मोठी माणसंही डोकं खाजवत बसतात. आता ६७ आणि ७३च्या जागी तीनशे नऊ अंकी मूळ संख्या घ्या. गुणाकार सहाशे सतरा अंकी. तो करायला संगणकाला डोळ्याची पापणी लवेल इतकाही वेळ लागत नाही. त्यावरून मागे जाऊन ते दोन अवयव शोधायचे म्हटलं, तर माझ्या तरुणपणीचे जगातले सगळे संगणक जुंपूनही जन्म पुरले नसते. गुणाकार चारचौघांत मिरवायचा आणि अवयव पोटात ठेवायचे, झालं कुलूप. बँका, सरकारं, प्रेमिक, सगळे याच कुलपावर विसंबून होते.

मग क्वांटम संगणक आले. त्यांची युक्ती अशी. दोनाचे घात करत जा आणि दर वेळी पंधरानं भागून बाकी लिहा: २, ४, ८, १, पुन्हा २, ४, ८, १. बाक्यांचं हे आवर्तन किती लांबीचं आहे ते कळलं, की त्यावरून पंधराचे अवयव काढता येतात. सहाशे सतरा अंकी संख्येचं आवर्तन इतकं लांब, की साधा संगणक मोजता मोजता मरेल. क्वांटम यंत्र एकेक बाकी मोजत बसत नाही. भजनात टाळ कुठे पडतो ते आपल्याला न मोजता कळतं, तसं ते सगळ्या बाक्या एकदम चालवतं आणि ठेका पकडतं. जगानं घाईघाईनं नवी, वेगळ्या जातीची कुलपं बसवली. जुनी तशीच राहिली, आणि ती उघडायला सरकारनं केंद्रं काढली. अट एकच, कुलपातली वस्तू तुमची हवी, नाहीतर तुमच्या मेलेल्या माणसाची.

लोकांनी काय काय उघडलं! जयसिंगपूरचे दोन भाऊ वडिलांचं मृत्युपत्र उघडून आयुष्यभराचे वैरी झाले. माझ्या शेजारच्या शमीम मुजावरभाभींनी नवऱ्याची रोजनिशी उघडली. आत पानोपान रक्तदाबाचे आकडे, आणि मधूनच एखादी ओळ: 'आज शमीम गप्प होती. काय झालं ते विचारायचं राहिलं.' भाभी तीन दिवस रडल्या. चौथ्या दिवशी माझ्या दारात येऊन म्हणाल्या, "वृंदाताई, तुम्हीपण टाका अर्ज. आत काय आहे ते कळलेलं बरं असतं."

माझ्याजवळ एक कुलूप आहे, हे फक्त त्यांनाच ठाऊक होतं.

हृषीकेश सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात गणित शिकवायचा. आमची ओळख परीक्षेच्या पेपर तपासणीत झाली आणि वाढली ती आकड्यांवरून. दर रविवारी आम्ही कृष्णेच्या घाटावर बसायचो. दुसरी माणसं घाटावर काय बोलतात ते मला माहीत नाही. आम्ही पुलावरून जाणाऱ्या गाड्यांचे नंबर फोडायचो. मला एक खोड होती. कुठलीही संख्या दिसली की आधी तिचं वर्गमूळ काढायचं, हातानं, शाळेतल्या रीतीनं. तो सातानं, अकरानं, तेरानं भागत बसायचा आणि मी वर्गमूळाच्या अंगानं जाऊन त्याच्या आधी उत्तर द्यायचे. तो खोटा खोटा चिडायचा. नऊ वर्षं असं चाललं. लग्नाचं कुणी बोललं नाही. मला वाटायचं, हेच बोलणं आहे.

२०२३च्या मार्चमध्ये त्याला नॉर्वेतल्या ट्रॉन्हाइमच्या विद्यापीठात जागा मिळाली. ही गोष्ट त्यानं आधी कुणाला सांगावी? माझ्या आईला. मी शाळेत असताना घरी येऊन त्यानं तिला सांगितलं, आणि "वृंदाला बरोबर नेऊ का?" असंही विचारलं. त्याच्या मते ही रीत होती, आधी मोठ्यांना विचारायचं. आई आनंदानं इतकी येडबडली, की तिनं तासाभरात गल्लीत पेढे वाटले. मी शाळेतून येताना कोपऱ्यावर कोथिंबिरीची जुडी घ्यायला थांबले, तर भाजीवाली म्हणाली, "अभिनंदन बाई! परदेशात कोथिंबीर मिळत न्हाई म्हणं." माझं लग्न ठरल्याचं मला असं कळलं.

मी तडक घाटावर गेले. तो तिथेच होता, तोंडभर हसत. मी त्याला नको नको ते बोलले. शेवटी म्हणाले, "तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही. माझ्याशी बोलायची गोष्ट तू माझ्याशी सोडून साऱ्या गावाशी बोललास. आयुष्यात एक तरी गोष्ट कुलपात ठेवून दाखव!"

चार दिवसांनी त्याची मेल आली. एक कुलूपबंद पत्र, एक सहाशे सतरा अंकी संख्या आणि एकच ओळ: 'घे. ठेवली कुलपात.'

मी ती ओळ वाचली आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. असलं कुलूप कुणालाच उघडत नाही हे मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे त्याला माहीत होतं. म्हणजे हा नुसता सूड होता. 'माझ्याजवळ बोलण्यासारखं आहे, पण तुला कधीच कळणार नाही,' असा. मी उत्तर दिलं नाही. त्यानं फोन केला नाही. अकराव्या दिवशी तो गेला.

त्यानंतरच्या बावीस वर्षांत ती संख्या माझ्या घरात राहिली. तिच्या अंकांची बेरीज २७८९ आहे. तिच्या शेवटी ४७ येतात. पहिले चाळीस अंक मला पाठ आहेत, दळणाच्या रांगेत उभी असले की आपोआप ओठांवर येतात. स्थळं आली, मी नाही म्हटलं. आई गेली. मी ते पत्र मनात किती वेळा लिहिलं असेल! कधी त्यात शिव्या असायच्या, कधी निरोप, कधी नुसतं 'सांभाळून राहा'. सणासुदीला मी त्याला जरा बरं पत्र लिहायला लावायचे. मला त्याची इतकी आठवण यायची, की त्याच्या रागाचं पत्रसुद्धा चाललं असतं. फक्त त्याचं हवं होतं.

अर्ज टाकल्यावर चौदा महिन्यांनी माझा नंबर लागला. गुरुवार होता. ऋजुता मगदूम आता खिडकीवरून बढती मिळून यंत्रावर आली होती. तिनं मला ओळखलं. "इतरवाल्या मॅडम ना? या. आज होऊन जाऊ दे."

काचेपलीकडे ते यंत्र टांगलेलं होतं, आणि त्याला गार ठेवणाऱ्या पंपांची घरघर पायांखाली जाणवत होती. "तास दीड तास लागंल," ती म्हणाली. "चहा सांगू? त्याआधी पाखडून घेते."

"काय पाखडून?"

"यंत्राचा वेळ महाग असतोय. म्हणून आधी संख्या साध्या संगणकावर टाकून बघायची. कच्चं कुलूप असलं तर तिथंच निघतं. तसं कधी निघत नाही म्हणा, पण नियम आहे." तिनं बटण दाबलं आणि चहावाल्याला हाक मारायला वळली. हाक अर्धीच राहिली.

"मॅडम," ती पडद्याकडे बघत म्हणाली, "हे उघडलं."

"काय उघडलं?"

"कुलूप. यंत्र लागलंच नाही. वर्गमूळाच्या चाचणीत पहिल्याच फटक्यात गेलं." तिनं खुर्ची जवळ ओढली आणि लहान मुलाला समजवावं तशा सुरात सांगायला लागली. "त्याचं असं असतंय..."

"मला ठाऊक आहे त्याचं कसं असतं," मी म्हटलं.

तुम्हाला सांगते. ४८९१ पुन्हा घ्या. त्याचं वर्गमूळ सत्तरला अगदी जरासं कमी. सत्तरचा वर्ग ४९००. त्यातून ४८९१ गेले, राहिले नऊ, म्हणजे तीनचा वर्ग. सत्तरमधून तीन वजा केले की ६७, मिळवले की ७३. संपलं. अवयव एकमेकांच्या जवळ असले की कितीही मोठी संख्या अशीच फुटते. म्हणून कुलूप करणारे दोन मूळ संख्या एकमेकींपासून लांबच्या घेतात, हा पहिला धडा आहे. हृषीकेशनं तीनशे नऊ अंकी अशा दोन घेतल्या होत्या, की त्यांच्यातलं अंतर फक्त ६१४. इतक्या मोठ्या आकड्यांत त्या दोघी सख्ख्या शेजारणी, मध्ये तिसरी मूळ संख्या नाही. वर्गमूळ काढा, पुढचा पूर्णांक घ्या, वर्ग करा, वजाबाकी करा: ९४,२४९. तीनशे सातचा वर्ग. शाळेच्या संगणकावर मी हे मेल आली त्याच दिवशी, बसल्या जागी करू शकले असते. दोन वर्गांच्या वजाबाकीचे अवयव मी त्यानंतर बावीस वर्षं दर जुलैत फळ्यावर पाडून दाखवत होते.

वर्गमूळ काढायची खोड कुणाची होती? माझी. त्यानं कुलूप माझ्या खोडीच्या मापाचं केलं होतं. जगात दुसऱ्या कुणाला आठवलं नसतं, आणि मला पहिल्यांदा तेच आठवणार याची त्याला खात्री होती. आणि मी? गाड्यांचे नंबर फोडणारी, दुधाच्या पिशवीवरच्या आकड्याचंही वर्गमूळ काढणारी मी त्या एकाच संख्येला हात लावला नाही. मला गणित फार येत होतं ना! असं कुलूप उघडत नाही हे पक्कं ठाऊक असल्यामुळे मी ते हलवूनसुद्धा पाहिलं नाही. आणि खरं सांगायचं तर मी त्याच्या रागावर विश्वास ठेवला, प्रेमावर ठेवला नाही.

"छापून देऊ का इथंच वाचता?" ऋजुतानं विचारलं. मग माझा चेहरा बघून ती उठली आणि बाहेर जाऊन उभी राहिली.

पत्र छोटं होतं.

'वृंदा, काकूंना आधी विचारलं ही माझी चूक. तुला चारचौघांत अवघडवलं. म्हणून आता जे विचारतो ते तुझ्याशिवाय कुणालाच ऐकू जाणार नाही अशा ठिकाणी ठेवतो आहे. तू माझ्याबरोबर येशील का? काकूंना सोडून येता येत नसेल तर 'जाऊ नको' म्हण, मी जाणार नाही. सांगलीत माझं काही वाईट चाललेलं नाही. आणि दोन्ही नको असेल तर काही लिहू नकोस. तुला तोंडावर नाही म्हणायला लावणार नाही, पुन्हा विचारणारही नाही. शुक्रवारपर्यंत वाट बघतो. खरं म्हणजे तुला शुक्रवारपर्यंत वेळ कशाला लागेल! — हृषी'

मी ते तीनदा वाचलं. दोन शब्द. 'जाऊ नको.' मला दोनच शब्द लिहायचे होते. कराडच्या त्या गोदामात, पंपांच्या घरघरीत, मी मोठ्यानं रडले, आणि ऋजुता दाराशी पाठमोरी उभी राहून लोकांना "जरा थांबा" सांगत राहिली.

शुक्रवार आणि शनिवार मी घरातच होते. रविवारी दुपारी मुजावरभाभी जेवणाचा डबा घेऊन आल्या. मी त्यांना सगळं सांगितलं.

"मग फोन करा की त्याला," त्या म्हणाल्या. "बिचाऱ्यानं बावीस वर्षं काय समजून काढली असतील!"

तेच तर माझ्या मनात घोळत होतं. मी पत्र वाचून गप्प बसले, असं तो समजून होता. मी वाचलंच नव्हतं, हे त्याला कळायला हवं. कळलं की माझ्या छातीवरचा धोंडा उतरेल. विद्यापीठाच्या पानावर त्याचा नंबर होता. तो पंधरा वर्षांपूर्वीच मी शोधून ठेवला होता.

तिसऱ्या रिंगला त्यानं उचलला आणि परक्या भाषेत काहीतरी म्हणाला.

"मी मिरजेहून बोलतेय. वृंदा."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग, "शेट्यांची वृंदा?"

"आणखी किती वृंदा आहेत तुझ्या ओळखीत?"

"एकच की! म्हणून तर विश्वास बसंना." आवाज म्हातारा झाला होता, पण सांगलीचा होता. "बरी आहेस ना गं? काकू कशा आहेत?"

"आई जाऊन अकरा वर्षं झाली."

"अरेरे. त्यांच्या त्या पेढ्यांनीच घोळ केला बघ," तो म्हणाला आणि हसला. त्यात कडवटपणा शोधून सापडत नव्हता. मग त्यानं आपलं सांगितलं. बायको इंग्रिड, शाळेत शिकवते. मुलगी सतरा वर्षांची, गणिताकडे ढुंकून बघत नाही. हिवाळ्यात गुडघे दुखतात. मी ऐकत होते, आणि बोलायचं वाक्य जिभेवर धरून ठेवलं होतं.

"हृषी, मी त्या पत्राबद्दल फोन केलाय."

"बोल की."

"तुला राग नाही आला? उत्तर नाही दिलं म्हणून?"

"आला होता. वर्षभर चांगलाच होता. मग वाटलं, मीच म्हटलं होतं ना, नको असेल तर लिहू नको. तू वाचलंस, विचार केलास आणि नाही म्हणालीस. सरळ व्यवहार. त्याच्यावर मी उभा राहिलो बघ. तू घोळात ठेवलं असतंस, तर मी इथं कधी रुजलो नसतो. इंग्रिडला मी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं तुझ्याबद्दल. वर्गातल्या पोरांना तर दरवर्षी सांगतो."

"काय सांगतोस?"

"हेच, जवळच्या मूळ संख्या घेऊ नका. मी एकदा घेतल्या होत्या, मुद्दाम. जगात कुणाच्या लक्षात आलं नसतं, पण मिरजेत एक बाई होती, तिच्यासाठी घेतल्या. ते कुलूप तिच्यापुढं एक संध्याकाळसुद्धा टिकलं नसणार, असं सांगतो." मग एकदम हळू आवाजात म्हणाला, "कधी विचारायला मिळालं नाही. त्याच दिवशी उघडलंस ना गं?"

समोर भाभी डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. 'सांगा, सांगा' असं त्या डोळ्यांनी म्हणत होत्या. मी सांगितलं असतं तर तो आजपासून पुन्हा मार्च २०२३मध्ये जाऊन बसला असता, जसं मी गुरुवारपासून बसले होते. एक फोन केला असता तर, एक शब्द जास्त लिहिला असता तर, हेच घोकत. आणि त्याच्याजवळ माझं म्हणून जे काही उरलं होतं, मी पाहताक्षणी ओळखेन हा त्याचा भरवसा, तोही मी काढून घेतला असता. धोंडा उतरला असता खरा, पण त्याच्या छातीवर जाऊन बसला असता.

"म्हणजे काय?" मी म्हटलं. "त्याच संध्याकाळी."

"किती वेळ लागला?"

"वेळ कसला? बघितल्या बघितल्या कळलं."

"बघ! मला माहीत होतं." तो हसायला लागला, घाटावर हसायचा तसा, पुरता. मग फोन बाजूला धरून त्यानं त्याच्या भाषेत कुणाला तरी आनंदानं काहीतरी ओरडून सांगितलं. त्यात माझं नाव होतं.

तो हसायचा थांबेपर्यंत मी फोन कानाला लावून बसले होते.